फटींचा हिशेब

टेपचं दुसरं टोक साहेबांनी धरलं नाही.
दगडाखाली दाबून ठेवलं मी,
आणि हिप्परग्याच्या तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात
कुंपण चालत मोजलं.
लांबी एकशे चाळीस. उंची पाच. बाजू दोन.
चौदाशे फूट, अडतीसच्या दरानं
त्रेपन्न हजार दोनशे.
डेकचं वेगळं, ते नंतर बघू.

"आणि फटी?" तडवळकर साहेब म्हणाले.
"तीन इंच पट्टी, एक इंच फट.
फटीला कसला आलाय रंग, मल्लेश?
चौथा हिस्सा कमी कर."
आतून तांब्याभर ताक आलं, जिरं घातलेलं.
यजमानाचं ताक पिऊन झाल्यावर
माणूस फार ताणत नाही,
हे त्यांना ठाऊक असावं.
चाळीसला हो म्हटलं.

आधी धुणं.
इरण्णाला पाइपचा जोर आवडतो.
लांब धर रे, म्हणावं लागतं,
लव उभी राहते लाकडाची.
काळे डाग ऑक्झॅलिकच्या पाण्यानं,
मऊ ब्रशनं, रेघेरेघेनं.
मग दोन दिवस नुसतं थांबायचं.
हे दोन दिवस मी कुठल्या रकान्यात लिहू?
तिसऱ्या दिवशी पाण्याचा एक थेंब टाकून बघतो.
थेंब तसाच उभा राहिला, तर घरी जायचं.
लाकूड प्यायलं, तर डबा उघडायचा.

बाप साखर पेठेत डायिंगला होता.
कोपरापर्यंत लाल, दिवाळीलासुद्धा.
पैसे किलोवर, तेही वाळलेल्या सुताचे;
ओल्याचं वजन मालक धरत नसे.
"रंग लावायचा नसतो, पाजायचा असतो,"
इतकंच शिकवलं त्यानं,
आणि ते मला चादरीत नाही,
सागवानात उपयोगी पडलं.

एप्रिलात पहाटे पाचला हात लागला पाहिजे.
दहानंतर ब्रश पुढे सरकायच्या आत
मागचा पट्टा वाळून बसतो
आणि जोड दिसतो, कायमचा.
चौथ्या दिवशी मी फटीत होतो.
एक इंची ब्रश, आडवा,
बोटांची पेरं सोलत, वर-खाली, वर-खाली.
आणि तिथंच, साडेआठच्या सुमाराला,
हिशेब समोर येऊन उभा राहिला:

पट्टी एक इंच जाड.
म्हणजे प्रत्येक पट्टीला आतल्या बाजूनं
दोन काठ, एकेक इंचाचे.
साहेबांनी पुढून एक इंच कापला, मागून एक.
काठांनी दोन्ही परत दिले.
फट कुठं रिकामी होती?
चौदाशे फूट ते चौदाशेच होते.

इरण्णाला सांगितलं.
त्यानं डब्यात काठी फिरवत ऐकलं.
"ताक पिलाव की, अण्णा," म्हणाला,
"आता काय सांगताव."

मी सांगितलं नाही.
हात मात्र फटीत जास्तच वेळ राहिला,
जिथं कुणी वाकून बघणार नाही तिथं
तिसरा हातही दिला. का, विचारू नका.
संध्याकाळी तेलाच्या चिंध्या
एकेक करून तारेवर पसरल्या.
गोळा करून कोपऱ्यात टाकल्या
तर आतल्या आत तापतात,
रात्री कधीतरी पेट घेतात.

साहेबांनी पैसे मोजले, थुंकी लावून.
एकोणचाळीस हजार नऊशे.
तोंडी चाळीस ठरले होते,
पण चौथा हिस्सा वजा जाता आकडा हाच येतो,
त्यांची चूक नव्हती.
कुंपणावरून हात फिरवला त्यांनी,
पुढच्या बाजूनं.
"किती वर्षं टिकेल?"

"दोन," मी म्हटलं.
"मग परत मोजायला येतो.
टेपचं एक टोक तेवढं तुम्ही धरा."